कागद परत मिळतो, प्रत परत मिळत नाही

रुग्णांची व देणगीदारांची कागदपत्रे इंटरनेटवरून पाठविताना घ्यावयाची काळजी

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा आणि देणगीदारांचे ऋणनिर्देश यांना प्रथम स्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु गेल्या काही वर्षांत रुग्णालय आणि रुग्ण, तसेच रुग्णालय आणि देणगीदार यांच्यातील बराचसा व्यवहार मोबाईल व इंटरनेटवरून होऊ लागला आहे. पूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले जाणारे कागद आता छायाचित्राच्या रूपाने क्षणात येऊन पोहोचतात. या सोयीचे मोल आम्ही जाणतो. एका दाखल्यासाठी गावापासून रुग्णालयापर्यंत एस.टी.ची फेरी मारण्याचा त्रास वाचतो आणि रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला तेथून उठावे लागत नाही. मात्र याच सोयीतून उद्भवणारा धोकाही आम्ही जवळून पाहिला आहे. त्याविषयी सर्व संबंधितांशी मोकळेपणाने बोलावे, या हेतूने प्रस्तुत लेख अहवालात समाविष्ट केला आहे.

एक अनुभव

शेजारच्या तालुक्यातील एक शेतकरी हृदयशस्त्रक्रियेसाठी आपल्याकडे दाखल झाले होते. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचा बराचसा तपशील आम्ही येथे वगळला आहे. धर्मादाय योजनेखाली उपचार मिळावेत यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, वडिलांचे व स्वतःचे आधारकार्ड आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान अशी पाच कागदपत्रे त्यांच्या मुलाने आमच्या समाजसेवा विभागातील ताईंच्या मोबाईलवर पाठविली. कागदपत्रे नियमानुसार होती. शस्त्रक्रिया योजनेतून पार पडली आणि रुग्ण बरे होऊन घरी गेले.

सुमारे तीन आठवड्यांनी त्या मुलास दूरध्वनी आला. “दादा, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून बोलतोय. तुमच्या वडिलांना औषधांसाठी आणखी मदत मंजूर झाली आहे. फाईल पुढे पाठवायला थोडे शुल्क भरावे लागेल.” बोलणाऱ्यास वडिलांचे पूर्ण नाव, आजार आणि दाखल झाल्याची तारीख ठाऊक होती. शिधापत्रिकेचा क्रमांकही त्याने वाचून दाखविला. इतके ठाऊक असलेला माणूस रुग्णालयाचाच असणार, असे त्या मुलाने मानले, आणि त्याच्या जागी आपणही कदाचित तेच मानले असते. मामांकडून उसने आणलेले पैसे त्याने सांगितलेल्या क्रमांकावर भरले. पुढे काही दिवसांनी तो आमच्या खिडकीशी येऊन विचारू लागला, “ताई, मदतीचे पैसे कधी जमा होणार?” तेव्हा हा सारा प्रकार उघडकीस आला.

पोलिसांत तक्रार झाली. पैसे परत मिळाले नाहीत आणि कागदपत्रे नेमकी कोठून बाहेर गेली, याचाही उलगडा झाला नाही. मात्र त्या निमित्ताने आम्ही त्या मुलास सोबत घेऊन बसलो आणि या पाच कागदांच्या प्रती कोठे कोठे असू शकतील, याची यादी केली. त्या यादीने आमचे डोळे उघडले.

प्रतींची मोजदाद

पहिली प्रत त्याच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये होती. तो मोबाईल छायाचित्रे आपोआप इंटरनेटवरील साठ्यात जमा करीत असे. म्हणजे दुसरी प्रत तेथे होती, आणि त्या साठ्याचा पासवर्ड खाते उघडून देणाऱ्या मोबाईल-दुकानदाराने लिहून ठेवलेला होता. उत्पन्नाचा दाखला त्याने गावातील झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतला होता. त्यासाठी दाखला दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा लागला, तेथून तो दुकानाच्या संगणकावर उतरविला गेला, आणि या दोन्ही प्रती तेथे तशाच राहिल्या. “काम होईल का, कोणी ओळखीचे आहे का,” असे विचारण्यासाठी सर्व कागद भाऊबंदांच्या एका गटावर टाकले गेले होते. त्या गटात बरीच माणसे होती आणि त्यांतील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ती छायाचित्रे आपोआप जमा झाली असणार. एका दूरच्या पाहुण्यांनी ती “मंत्रालयात ओळख असलेल्या” एका गृहस्थांकडे धाडली होती.

आणि शेवटच्या प्रती आमच्याकडे होत्या. आमच्या ताईंनी ती छायाचित्रे आपल्या खासगी मोबाईलवर स्वीकारली होती. तसे करू नये, असा कोणताही नियम आम्ही केलेला नव्हता. दरम्यान त्यांनी तो मोबाईल बदलून जुना दुकानात दिला होता. देण्यापूर्वी त्यातील सर्व मजकूर पुसला गेला की नाही, हे त्यांनाही खात्रीने सांगता येईना. यात त्यांचा वैयक्तिक दोष आम्ही मानत नाही. व्यवस्था लावून देण्याचे काम संस्थेचे होते आणि ते आमच्याकडून राहून गेले होते.

पूर्वी मूळ कागद खिडकीवर दाखविला जाई, लिपिक तो पाहून परत देत आणि एक झेरॉक्स प्रत फाईलला लागे. कागद परत घरी येई. छायाचित्राचे तसे नाही. ते पाठविले की पाठविणाऱ्याकडेही राहते, घेणाऱ्याकडेही राहते आणि मधल्या प्रत्येक मुक्कामी आपली प्रत मागे ठेवून जाते. ते परत मागता येत नाही. म्हणून काळजी घ्यावयाची ती पाठविण्यापूर्वी. ही काळजी तीन प्रश्नांत सामावते: हा कागद खरोखर लागतो का? तो नेमका कोणास लागतो? आणि त्यातील किती भाग लागतो?

कोणता कागद खरोखर लागतो?

आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. रुग्ण या घटकांत मोडतो हे ठरविण्यासाठी उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका यांसारखी कागदपत्रे पाहावी लागतात. ती पाहणे हे आमचे कर्तव्य आहे, कारण हा निधी समाजाचा आहे. मात्र तातडीच्या प्रसंगी रुग्णाचा जीव वाचविण्याचे उपचार कागदपत्रांसाठी थांबत नाहीत. म्हणून रुग्णास गाडीत घालून आणत असताना घाईघाईने कागद गटांवर टाकण्याचे काहीच कारण नाही. ते नंतर, शांतपणे, समाजसेवा विभागाच्या खिडकीवर दाखविता येतात.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची नोंदणीही योजनेतील रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र करतात आणि त्यासाठी शुल्क नसते. कोणी मध्यस्थ “कागद मला पाठवा, मी करून देतो” असे म्हणत असेल, तर त्यास कागद पाठवू नयेत.

देणगीदारांची गोष्ट थोडी निराळी आहे. ज्या प्राप्तिकर-सवलतीस आपण वर्षानुवर्षे ‘८०-जी’ या नावाने ओळखतो, तिच्यासाठी संस्थांनी देणगीदारांचे विवरण प्राप्तिकर खात्यास सादर करण्याची पद्धत २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून सुरू झाली. त्या विवरणात देणगीदाराचा पॅन अथवा अन्य मान्य ओळख-क्रमांक द्यावा लागतो. आम्हांस क्रमांक हवा असतो, कार्डाचे छायाचित्र नको असते. तरीही अनेक स्नेही कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवितात, आणि कित्येकजण टपालाने पाठविलेल्या धनादेशाचेही छायाचित्र धाडतात. धनादेशावर खाते क्रमांक, बँकेचा संकेतांक आणि स्वाक्षरी हे तिन्ही एकत्र असतात. पॅनकार्डावर जन्मतारीख, छायाचित्र व स्वाक्षरी असते. हे सारे एका ठिकाणी गोळा झाले की दुसऱ्याच्या नावाने कर्ज उचलू पाहणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते. तेव्हा कृपया पॅन क्रमांक कळवावा, कार्ड नको. धनादेश पाठविल्याचे कळविताना त्याची तारीख, रक्कम आणि बँकेचे नाव पुरेसे आहे.

आधारकार्डाविषयी थोडे अधिक

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. आज हा कागद सर्वत्र मागितला जातो आणि म्हणूनच तो सर्वाधिक फिरतो. तो पाठविण्याची वेळ आली, तर पुढील सोयी लक्षात ठेवाव्यात. त्या आधार प्राधिकरणानेच उपलब्ध करून दिल्या आहेत व विनामूल्य आहेत.

(१) ‘मास्क्ड’ आधार : प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आधारपत्र उतरवून घेताना क्रमांक झाकलेली प्रत मागता येते. तीत १२ आकड्यांपैकी केवळ शेवटचे ४ दिसतात. नुसती ओळख पटविण्यापुरते हे पुरते. जेथे पूर्ण क्रमांक कायद्याने आवश्यक असेल, तेथे तो नोंदणीच्या वेळी समक्ष द्यावा.

(२) आभासी क्रमांक : २०१८ पासून आधार क्रमांकाऐवजी १६ आकड्यांचा तात्पुरता क्रमांक तयार करून देता येतो. तो बदलता येतो. मूळ क्रमांक बदलता येत नाही.

(३) बोटांच्या ठशांना कुलूप : ठसे व डोळ्यांच्या बाहुल्या यांची पडताळणी आपणांस संकेतस्थळावरून बंद करून ठेवता येते आणि लागेल तेव्हा उघडता येते. ज्यांचा ठसा वारंवार लागत नाही, अशांनी हे अवश्य करावे. रेशन दुकानात ठसा द्यावा लागणाऱ्यांनी मात्र कुलूप उघडण्याची रीत आधी नीट समजून घ्यावी, अन्यथा धान्याच्या दिवशी खोळंबा होईल.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक वाटते. संकेतस्थळावरून उतरविलेल्या आधारपत्राला पासवर्ड असतो, म्हणून ते सुरक्षित आहे असा समज आढळतो. परंतु हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. रुग्णाचे नाव व वय तर केसपेपरवर वरच लिहिलेले असते! तेव्हा या पासवर्डाच्या भरवशावर हा कागद कोठेही पाठवू नये. कार्डावरील चौकोनी क्यूआर चिन्हही लक्षात घ्यावे. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख व छायाचित्र साठविलेले असते. लिहिलेला पत्ता झाकला आणि ते चिन्ह उघडे ठेवले, तर झाकण्याचा उपयोग होत नाही.

झेरॉक्स प्रतीवर हेतू लिहिण्याची आपली जुनी पद्धत आजही उत्तम आहे. “केवळ अमुक रुग्णालयात, अमुक कामासाठी, दिनांक अमुक” असे मजकुरावरून तिरपे, परंतु मजकूर वाचता येईल अशा बेताने लिहावे आणि मगच त्या झेरॉक्सचे छायाचित्र घ्यावे. अशी प्रत दुसऱ्या कामासाठी वापरणे कठीण होते, आणि कोणी वापरलीच तर ती कोठून निघाली हेही कळते.

झाकलेले खरोखर झाकले आहे का?

अनेकजण मोबाईलवरच बोटाने काळी रेघ ओढून क्रमांक झाकतात. यात दोन फसगती होतात. पहिली अशी की मोबाईलमधील काही ‘पेन’ पारदर्शक असतात. डोळ्यांना काळे दिसणारे छायाचित्र उजळ केले की खालचे आकडे दिसू लागतात. दुसरी फसगत पीडीएफ कागदांत होते. तेथे काळी पट्टी मजकुराच्या वर ठेवली जाते, मजकूर पुसला जात नाही. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेतील विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याची एक गोपनीय पुस्तिका अशाच प्रकारे उघड झाली. महत्त्वाच्या मजकुरावर काळे चौकोन होते, परंतु तो मजकूर निवडून दुसरीकडे चिकटविला की सरळ वाचता येत होता. जे एवढ्या मोठ्या खात्याच्या हातून घडले, ते आपल्या हातून सहज घडेल.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय अगदी साधा आहे. नको असलेला भाग कागदाच्या पट्टीने झाकावा आणि मग छायाचित्र घ्यावे. जे छायाचित्रात आलेच नाही, ते कोणत्याही युक्तीने बाहेर काढता येत नाही.

पाठविण्याची रीत

व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून दोन टोकांच्या मध्ये कोणास वाचता येणार नाहीत अशा रीतीने बंदिस्त होऊन जातात, हे खरे आहे. परंतु आमच्या मोजदादीत आढळलेली एकही प्रत वाटेत पडलेली नव्हती. सर्व प्रती टोकांना, म्हणजे माणसांच्या मोबाईलमध्ये व दुकानांच्या संगणकांत होत्या. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) गटावर कधीही नको. कागद एकाच व्यक्तीस अथवा एकाच अधिकृत क्रमांकास पाठवावा. पाठविण्यापूर्वी नाव पुन्हा वाचावे. एकसारखी नावे जवळजवळ असल्याने भलत्याच माणसास कागद गेल्याची उदाहरणे आमच्याकडेच घडली आहेत.

(२) क्रमांक कोणाचा, याची खातरजमा. आलेल्या संदेशातील क्रमांकावर विसंबू नये. रुग्णालयाच्या पावतीवर अथवा केसपेपरवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करून विचारावे.

(३) काम झाले की पुसावे. ‘सर्वांसाठी पुसा’ ही सोय ठरावीक काळच चालते आणि समोरच्याने आधीच जतन केलेली प्रत तिने जात नाही. ‘एकदाच पाहा’ या सोयीने पाठविलेले छायाचित्रही दुसऱ्या मोबाईलने टिपता येते. या सोयी उपयुक्त आहेत, पण त्या दाराची कडी आहेत, तिजोरीचे कुलूप नव्हेत.

(४) ईमेलने पाठविताना फाईलला स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि तो दूरध्वनीवर सांगावा. त्याच ईमेलमध्ये पासवर्ड लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकविण्यासारखे आहे.

(५) इंटरनेटवरील साठ्याचा दुवा पाठवायचा असल्यास ‘दुवा असणाऱ्या कोणासही’ ही निवड टाळून विशिष्ट व्यक्तीचाच ईमेल पत्ता नोंदवावा, आणि काम झाल्यावर परवानगी काढून घ्यावी. फाईलची प्रत न देता नुसती पाहण्याची परवानगी देणे व ती नंतर काढून घेणे, ही या पद्धतीची मोठी सोय आहे.

(६) झेरॉक्सच्या दुकानात अथवा सायबर कॅफेत कागद छापून घेतल्यास तो आपल्या डोळ्यांसमोर संगणकावरून आणि ‘रिसायकल बिन’मधूनही पुसून घ्यावा. आपले खाते तेथे उघडले असल्यास बंद केल्याशिवाय उठू नये. यात संकोच मानू नये. दुकानदारही बहुधा आनंदाने पुसून देतात, केवळ सांगणारा हवा असतो.

(७) सरकारी दाखल्यांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरचा वापर करता येतो. तेथे दाखला देणाऱ्या खात्याकडूनच कागद येतो. तो समोरच्यास मोबाईलवर दाखविता येतो आणि दरवेळी नवे छायाचित्र काढून पाठवावे लागत नाही.

आजाराचा कागद

ओळखपत्र गेले तर पैशांचे नुकसान होते. आजाराचा कागद गेला तर माणसाच्या आयुष्यातील फार नाजूक जागा उघडी पडते. अपस्मार, क्षयरोग, मनोविकार, वंध्यत्व, एचआयव्ही यांविषयी समाजाची नजर अजून निर्मळ झालेली नाही. एका अहवालाने ठरलेले लग्न मोडते, नोकरी जाते, भाडेकरूला घर सोडावे लागते. म्हणूनच मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही या दोन्ही विषयांवरील २०१७ च्या कायद्यांत रुग्णाच्या माहितीची गुप्तता स्वतंत्रपणे नमूद केली आहे. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी अहवाल पाठविणे गरजेचे असते आणि ते अवश्य पाठवावेत. डॉक्टरांना थेट पाठविताना नाव झाकू नये, कारण त्यातून रुग्णांची अदलाबदल होण्याचा धोका असतो. मात्र नातेवाईकांच्या अथवा ‘माहितगारांच्या’ गटात विचारणा करावयाची असेल, तर नाव, नोंदणी क्रमांक आणि अहवालावरील क्यूआर चिन्ह झाकावे. काही ठिकाणी ते चिन्ह मोबाईलसमोर धरताच संपूर्ण अहवाल उघडतो. सीटी स्कॅन वा एम.आर.आय.च्या सी.डी.तील प्रतिमांच्या फाईलमध्येही रुग्णाचे नाव, जन्मतारीख व क्रमांक लिहिलेले असतात, जरी ते चित्रावर दिसले नाहीत तरी. २०१९ साली ग्रीनबोन या जर्मन संस्थेने केलेल्या पाहणीत भारतासह अनेक देशांतील अशा प्रतिमांचे साठे इंटरनेटवर पासवर्डविना उघडे आढळले होते.

मदतीच्या आवाहनांबाबतही सांगावेसे वाटते. “तातडीने रक्त हवे” अथवा “उपचारांसाठी मदत करा” असे संदेश रुग्णाचे नाव, खोली क्रमांक व नातेवाइकांचा मोबाईल क्रमांक घेऊन वर्षानुवर्षे फिरत राहतात. रुग्ण घरी गेल्यानंतरही, आणि कित्येकदा रुग्ण दगावल्यानंतरही, त्या घरी दूरध्वनी येत राहतात. त्याहून वाईट म्हणजे खऱ्या आवाहनातील खाते क्रमांक बदलून तेच कागद, तेच छायाचित्र वापरून पैसे गोळा केले जातात. म्हणून आवाहनावर तारीख लिहावी आणि गरज भागली की तसे कळवावे. देणगीदारांना विनंती अशी की, कोणतेही आवाहन आले तर रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर चौकशी करून, शक्यतो रुग्णालयाच्याच खात्यात, रुग्णाच्या नावाचा उल्लेख करून रक्कम भरावी.

कागद चुकून गेलाच तर

घाबरून गप्प बसू नये. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी ती अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर अथवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. आपल्या बँकेस कळवावे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मागील ६ महिन्यांत आपला क्रमांक कोठे वापरला गेला, ते पाहता येते. चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. आपल्या नावावर किती मोबाईल क्रमांक घेतले गेले आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर समजते. आपल्या नावे कोणी कर्ज उचलले आहे का, हे पाहण्यासाठी प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

आणि घरातील ज्या व्यक्तीच्या हातून चूक झाली असेल, तिला दोष देऊ नये. वर सांगितलेल्या मुलाने कित्येक दिवस घरी काहीच सांगितले नव्हते. वडिलांच्या हृदयास धक्का बसेल, ही त्याची भीती होती. त्या दिवसांत तक्रारीचा मौल्यवान वेळ निघून गेला.

आमची जबाबदारी

ही सारी काळजी रुग्णाच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. आजारी माणूस आणि त्याचे आप्त अशा अवस्थेत असतात की, “हा कागद कशाला हवा?” असे विचारण्याचे बळ त्यांच्यात नसते. जो मागतो, त्यानेच कमी मागितले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचाही आशय हाच आहे की, सांगितलेल्या हेतूपुरतीच माहिती घ्यावी आणि ती सांभाळण्याची जबाबदारी घेणाऱ्याची राहावी.

त्या प्रसंगानंतर आम्ही काही बदल केले आहेत. कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाईलवर कागदपत्रे स्वीकारणे बंद केले आहे. समाजसेवा विभागासाठी रुग्णालयाच्या मालकीचा एकच मोबाईल व एकच ईमेल पत्ता असून तो केसपेपरवर छापला जातो. कोणत्या कामासाठी कोणते कागद लागतात, याची यादी खिडकीवर लावली आहे. यादीबाहेरचा कागद कोणी मागितल्यास तो देऊ नये. योजनेच्या तपासणीसाठी काही प्रती कायद्याने जपून ठेवाव्याच लागतात. त्या कुलूपबंद कपाटात राहतात आणि नोंद झाल्यावर मोबाईलवरील छायाचित्रे पुसली जातात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला होऊन कित्येक दिवस तेथील कामकाज कागदावर चालवावे लागले. तेव्हा आपली व्यवस्था अभेद्य आहे, असा दावा आम्ही करणार नाही. जे आपल्याकडे नाही, ते आपल्याकडून जाऊ शकत नाही, एवढेच सूत्र आम्ही धरले आहे.

आणखी एक बदल वाचकांच्या लक्षात आला असेल. आपल्या अहवालात पूर्वी बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे नाव, गाव व आजारासह छापली जात. त्यांची संमती असे आणि त्यामागील भावना कृतज्ञतेची असे. परंतु ती संमती छापील अहवालापुरती होती. पुढे तेच अहवाल संकेतस्थळावर ठेवले गेले आणि नाव शोधणाऱ्या कोणासही आजार दिसू लागला. एका मुलीच्या वडिलांनी आम्हांस हे लक्षात आणून दिले. “साहेब, तुमचे उपकार विसरणार नाही, पण तेवढा फोटो काढा,” एवढेच ते म्हणाले. आम्ही तो काढला, जुने अहवालही तपासून घेतले आणि यापुढे रुग्णाचे नाव व चेहरा न छापण्याचे ठरविले. यंदाच्या अहवालात हसरे चेहरे कमी दिसले, तर त्याचे कारण हे आहे.

रुग्णालयात माणूस आपले शरीर विश्वासाने डॉक्टरांच्या हाती देतो. आता तो आपले कागदही देतो. दोहोंची राखण सारख्याच मनाने झाली पाहिजे. आमच्याकडून यात कोठे उणे पडताना दिसले, तर निःसंकोचपणे कळवावे, आणि एखादा कागद आम्ही का मागत आहोत हे समजले नाही, तर तो देण्यापूर्वी अवश्य विचारावे. असा प्रश्न विचारणाऱ्याचे आम्ही आभारच मानू.